रॅपलिंगचा सीझन आणि शाहीन ससाण्याची अंडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडायला लागली की पेपरच्या पुरवण्यांमध्ये आणि आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एकदमच रॅपलिंग म्हणजे दोराने कडा उतरणं, व्हॅली क्रॉसिंग, सुळके चढाई यांच्या जाहिराती सुरू होतात. अमुक कडा, तमुक फूट, जेवण चहा नाश्त्यासकट एवढे एवढे रुपये. मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही, मी पण दोराला लटकण्यातलाच माणूस आहे. पण डिसेंबर ते मे हे जे महिने आपण कड्यांसाठी ठरवून टाकलेत नेमके तेच महिने शाहीन ससाण्याचे अंडी घालायचे आणि पिल्लं वाढवायचे आहेत, तेही त्याच कड्यांवर, आणि ह्याबद्दल त्या जाहिरातींमध्ये सोडाच पण ट्रेकच्या आधी ज्या सूचना देतात त्यातही एक ओळ नसते. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त मागणी कापू नका.

मागणी साधी आहे. ज्या कड्यावर शाहीनचं घरटं असेल त्या कड्याचा तेवढाच भाग, घरट्याच्या दोन्ही बाजूंना थोडं अंतर धरून, पिल्लं उडेपर्यंत दोर, कातळात ठोकायचे बोल्ट आणि ड्रोन यांना बंद ठेवा. अख्खा गड नाही, अख्खा कडा पण नाही. आणि त्यासाठी आधी सह्याद्रीतल्या शाहीनच्या जागा एकदा नीट मोजा.

आता पक्षी कोणता ते सांगतो, कारण गडावर काहीही उडालं की "गरुड, गरुड" ओरडणारी जमात आपली, घार पण गरुड आणि शिक्रा पण गरुड. बहिरी ससाणा म्हणजे ज्याला इंग्रजीत पेरेग्रीन फाल्कन म्हणतात तो, अंटार्क्टिका सोडला तर सगळ्या खंडांवर आहे. आपल्याकडे तो मुख्यतः दोन रूपांत दिसतो. एक पाहुणा, रशियाच्या उत्तरेच्या टुंड्रातून हिवाळ्यापुरता येणारा, पोटाकडे फिकट आणि त्यावर आडव्या रेघा, जिथे बदकं आणि चिखलातले पक्षी जमतात अशा खाड्या-तलावांच्या आसपास विजेच्या टॉवरवर बसलेला दिसतो आणि उन्हाळा लागला की परत जातो. दुसरा आपला घरचा, शाहीन. पाठ काळपट पाटीच्या रंगाची, डोकं आणि गाल काळे, छाती पांढरट आणि पोट मस्त तांबूस. हा कुठे जात नाही, बारा महिने डोंगरातच. पाकिस्तान, भारत, श्रीलंका करत पूर्वेला चीनच्या दक्षिण भागापर्यंत ही उपजात आहे. स्वीडनच्या सुंडेव्हाल नावाच्या शास्त्रज्ञाने १८३७ मध्ये तिचं पहिलं वर्णन लिहिलं, आणि गंमत अशी की कड्यावर राहणाऱ्या ह्या पक्ष्याचं वर्णन त्याने केलं ते श्रीलंका आणि सुमात्राच्या मधे भर समुद्रात जहाजावर सापडलेल्या, अजून पूर्ण वाढ न झालेल्या एका पक्ष्यावरून.

ह्याच्या वेगाबद्दल सगळ्यांनी रील बघितलेलं असतं, त्यामुळे फार लिहीत नाही. उंचावरून पंख मिटून सूर मारला की ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो, अमेरिकेत स्कायडायव्हरबरोबर शिकवलेल्या एका मादीचा वेग ३८९ मोजलाय. पण मला जास्त भारी वाटते ती दुसरी गोष्ट. त्याची नजर सगळ्यात तीक्ष्ण असते ती नाकासमोर नाही तर साधारण ४० अंश बाजूला, त्यामुळे लांबच्या पारव्यावर डोळा ठेवायचा तर मान वाकडी करावी लागणार, आणि एवढ्या वेगात मान वाकडी केली की हवेचा अडथळा वाढून वेग मरणार. मग तो काय करतो तर मान सरळच ठेवतो आणि अख्खा मार्गच वळवतो, मोठ्या गोलाईत येतो, रस्ता लांबचा पण पोचतो लवकर. पायाने तडाखा देतो, आणि पारवा तेवढ्याने मेला नाही तर वरच्या चोचीच्या कडेला जो दातासारखा उंचवटा असतो त्याने मानेचा मणका तोडतो. पारवे, पोपट, पाकोळ्या, संध्याकाळी वटवाघळं पण.

आणि असा हा पक्षी घरटं मात्र बांधत नाही. काडी आणत नाही, काही नाही. कपारीतल्या माती-खडीत पोटाने घासून एक खळगा करायचा आणि त्यात तीन-चार तांबूस अंडी घालायची. महिनाभर उबवायची, पिल्लं उडायला पुढे सहा-सात आठवडे. कपार चांगली असेल तर वर्षानुवर्षं तीच. म्हणजे ह्याला झाड तुटलं तर दुसरं झाड असं नाहीये, उभ्या कातळात वरून पावसाचं पाणी न येणारी, खालून कुणी न चढू शकणारी, बऱ्यापैकी सपाट अशी जागा एका अख्ख्या डोंगरात किती असतील? आणि नेमकी तीच जागा दोर टाकणाऱ्याला पण आवडते, मधे उभं राहायला, फोटो काढायला.

मार्च-एप्रिलच्या दुपारी आपला काळा कातळ किती तापतो हे ज्याने हात लावलाय त्याला विचारा. जोडी अंड्यांवर किंवा लहान पिल्लांवर अंग धरून सावली करत असते. वरून माणसं एकेक करत उतरायला लागली, आरडाओरडा, शिट्ट्या, की मादी उठते, कड्यासमोर घिरट्या घालत कॅक-कॅक-कॅक ओरडत राहते आणि खाली लोकांना वाटतं वा काय शो चाललाय. अर्धा पाऊण तास ती उठून राहिली तर आत काय होत असेल. शिवाय डोंबकावळे बघतच असतात. ड्रोन तर अजून वाईट, कारण ड्रोनवर ती हल्ला करते. मागे एका ग्रुपच्या पोराने मला हौसेने व्हिडिओ दाखवला, ससाणा थेट कॅमेऱ्यावर येतोय, त्याला लाइक्स पण ढीग मिळाले होते. ग्रुपचं नाव लिहीत नाही, पोरगा चांगला आहे, समजावल्यावर त्याने व्हिडिओ काढून टाकला. त्याला खरंच माहीत नव्हतं की तिथे पिल्लं असणार.

मोजा असं का म्हणतोय त्याला एक मोठी गोष्ट आहे आणि ती ब्रिटनमधली आहे. दुसऱ्या महायुद्धात तिकडच्या सरकारने १९४० मध्ये हुकूम काढून सहाशेच्या आसपास बहिरी ससाणे मारले, कारण विमान पडलं तर वैमानिक निरोप घेऊन जी कबुतरं सोडायचे ती हे खातील अशी भीती. युद्ध संपलं, मारणं थांबलं, संख्या परत वाढायला लागली. मग १९६० च्या सुमारास कबुतरांच्या शर्यती लावणारे लोक सरकारकडे तक्रार घेऊन गेले की ससाणे फार झालेत, आमची कबुतरं खातात, ह्यांचं संरक्षण काढा. सरकारने म्हटलं ठीक आहे, आधी मोजू. मोजायचं काम डेरेक रॅटक्लिफ ह्या माणसाकडे आलं, १९६१-६२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हौशी लोकांनी कडेच्या कडे पालथे घातले, आणि निघालं भलतंच. जागा रिकाम्या. दक्षिण इंग्लंडमध्ये तर जवळपास साफ. १९६३ पर्यंत युद्धाआधीच्या मानाने निम्म्याहून कमी जोड्या उरल्या होत्या. म्हणजे "फार झालेत" म्हणून तक्रार करणाऱ्यांच्या कृपेने कळलं की पक्षी संपत चाललाय!

रॅटक्लिफना १९५१ पासूनच कपारींमध्ये फुटलेली अंडी दिसत होती आणि ते कोडं सुटत नव्हतं, स्वतःची अंडी पक्षी स्वतः कशाला फोडेल. मग त्यांनी अंडी जमवणाऱ्यांचे जुने संग्रह काढले. तिकडे पूर्वी घरट्यातनं अंडी चोरून पेटीत मांडून ठेवायचा शौक होता, पुढे कायद्याने बंद झाला, पण त्या चोरट्यांनी प्रत्येक अंड्याबरोबर तारीख आणि जागा लिहून ठेवलेली. रॅटक्लिफनी कवचांची वजनं केली, लांबी-रुंदी मोजली आणि १९६७ मध्ये छापलं की १९४७ च्या आसपासपासून कवचाचं वजन सरासरी जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी उतरलंय, एकदम, हळूहळू नाही. १९४७ म्हणजे युद्ध संपून डीडीटी हे कीटकनाशक शेतांमध्ये पोचलं तो काळ.

डीडीटी अंगात गेलं की त्याचं डीडीई होतं आणि ते चरबीत साठून राहतं. किड्यात थोडं, किडे खाणाऱ्या पक्ष्यात जास्त, आणि ते पक्षी खाणाऱ्या ससाण्यात सगळ्यात जास्त. मादीच्या शरीरात जिथे कवच तयार होतं तिथे कॅल्शियम पोचू देत नाही. मग अंडं दिसायला अंडंच, पण आई उबवायला बसली की अंगाखाली पापडासारखं चुरतं. त्यात ब्रिटनमध्ये बियाण्यांना डिल्ड्रिन नावाचं दुसरं कीटकनाशक चोळायचे, ते दाणे खाल्लेली कबुतरं खाऊन मोठे ससाणे थेटच मरत होते. अमेरिकेत तर अजून वाईट, १९६४ मध्ये पूर्व भागातल्या माहितीच्या १३३ जागा बघितल्या, एकीवरही ससाणा नव्हता.

पुढचं थोडक्यात. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली. कॉर्नेल विद्यापीठातले टॉम केड, स्वतः ससाणे पाळणारे, त्यांनी १९७० मध्ये पेरेग्रीन फंड ही संस्था काढली आणि ससाणे पाळणाऱ्यांकडनं पक्षी घेऊन ते बंदिस्त ठेवून पिल्लं काढली, १९७३ ला वीस, आणि मग ती टॉवरवर, इमारतींवर, कड्यांवर ठेवून मोकळी सोडायला लागले. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या पुलांवर जोड्यांनी घरटी केली. १९९९ मध्ये हा पक्षी तिकडच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला, तेव्हा अमेरिका आणि कॅनडा मिळून सोळाशेच्या वर जोड्या होत्या. ब्रिटनमध्ये २०१४ च्या मोजणीत १,७६९ जोड्या. हे आकडे मी पाठ केलेत कारण आपल्याकडे कुणी "काही होत नाही हो" म्हटलं की मला सांगायला बरे पडतात.

आता ह्यातला गिर्यारोहकांचा भाग, जो मला आपल्या क्लबवाल्यांना मुद्दाम ऐकवायचाय. कॅलिफोर्नियात योसेमिटी म्हणून जे जगातल्या क्लाइंबरांचं पंढरपूर आहे, तिथल्या एल कॅपिटन कड्यावर १९७८ मध्ये ससाण्याची जोडी सापडली ती क्लाइंबरांना. अंडी पातळ होती, बसली की फुटणार. मग हेच क्लाइंबर शास्त्रज्ञांच्या कामाला लागले, दोराने कपारीत उतरायचं, पातळ अंडी काढून घ्यायची, तिथे नकली अंडी ठेवायची, आणि प्रयोगशाळेत पिल्लं निघाली की परत उतरून ती आईच्या पुढ्यात ठेवायची. हे १९९२ पर्यंत चाललं. आज तिथे दरवर्षी १ मार्च ते १५ जुलै ससाण्यांचे कडे चढाईला बंद असतात, आणि ज्या कड्यावर यंदा घरटं नाही असं दिसलं तो लवकर उघडतात. ब्रिटनमध्ये तर क्लाइंबरांची संघटनाच पक्षीवाल्यांबरोबर बसून दरवर्षी यादी काढते, कुठला भाग कधीपासून कधीपर्यंत बंद, आणि लोक पाळतात. पोलीस उभे नसतात तिथे.

आपल्याकडे हे का होऊ नये? आपले क्लबवाले काय कमी आहेत का, दरीत कुणी पडलं की रात्री-बेरात्री स्वतःच्या खर्चाने दोर घेऊन धावणारी हीच मंडळी. आणि कपारीत काय आहे हे वनरक्षकाला खालून दिसत नाही, ते ह्यांनाच दिसतं. मोजणी करायची तर ह्यांच्याशिवाय होणारच नाही. शिवाय आग्या मोहोळाच्या बाबतीत आपण शहाणे झालोच की, मोहोळ असलेल्या भिंतीवर जानेवारीत दोर टाकायचा नाही हे आता नवीन पोरांना पण माहीत असतं, कारण माश्या चावतात. ससाणा चावत नाही एवढाच फरक.

कायदा आहे, नाही असं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बहिरी ससाणा पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही, पक्ष्याची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हेही शिकारीतच मोडतं. हे किती आयोजकांना माहितीये? २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, सुरक्षेचे नियम आले, फार चांगलं झालं, अपघात कमी व्हायलाच पाहिजेत. त्याच्याच जोडीला कुठला कडा कधी बंद ह्याची एक यादी दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बुकिंग सुरू व्हायच्या आधी निघाली तर आयोजकांचं पण नुकसान नाही, ते दुसरी भिंत धरतील.

गाववाल्यांचा रोजगार बुडेल असं म्हणणारे येतील. गड चालूच राहणार आहे, वाटाड्या लागणार, पिठलं-भाकरी लागणार, तंबू लागणार. बंद काय तर एका भिंतीचा शंभर-दोनशे फुटांचा पट्टा. उलट आमच्या नेहमीच्या गावातले मामा आम्हाला पहिल्यांदा म्हणाले होते, "त्या घळीच्या वरच्या कपारीत दरसाल असतो तो, पारव्याची पिसं खाली पडतात." त्यांना काही दुर्बीण लागली नाही. अशा माणसांना मोजणीच्या कामावर रोजाने घेतलं तर तो पण रोजगारच आहे.

दुसरे येतात ते शहरातले. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून जो गोंधळ झाला तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने सुचवलं की ससाणे आणून सोडा, कबुतरांचा प्रश्न संपेल. नाही संपणार हो. एक जोडी दिवसाला एखाद-दोन कबुतरं खाईल, दुसऱ्या जोडीला जवळ फिरकू देणार नाही, आणि तुम्ही खाली पोत्याने दाणे ओतताय. आणि आणणार कुठून, कड्यावरनं पिल्लं काढून? शाहीन शहरात स्वतः येतो तेव्हा येऊ दे, उंच इमारतींवर आणि मोबाइल टॉवरवर त्याने भारतात घरटी केल्याच्या नोंदी आहेत.

कुणी म्हणेल धोक्यातल्या पक्ष्यांच्या जगाच्या यादीत तर हा धोक्याबाहेर आहे मग एवढं काय. जगाचा हिशोब बहिरी ससाण्याच्या सगळ्या उपजाती मिळून होतो, त्यात युरोप-अमेरिकेतले वाढलेले पक्षी पण आले, आपल्या शाहीनचं काय ते त्यातून कळत नाही. श्रीलंका एवढासा देश, तिथे १९९६ मध्ये शाहीनच्या चाळीसेक जोड्या असतील असा अंदाज तरी मांडला गेला. आपल्या सह्याद्रीत किती? नाशिकपासून आंबोलीपर्यंत कड्यांची अख्खी भिंत आहे, सांगा आकडा. गिधाडांच्या वेळी काय झालं ते आठवा. भरतपूरला वर्षानुवर्षं घरटी मोजणारे होते म्हणून नव्वदच्या दशकात कळलं की गिधाडं कोसळतायत, नाहीतर आपल्याला पडून राहिलेल्या मेलेल्या जनावरांचा वास आल्यावर कळलं असतं. आणि ती कशाने मरतायत, जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक ह्या दुखण्यावरच्या औषधाने, हे २००४ मध्ये पाकिस्तानात काम करून ज्यांनी शोधलं त्यात पुढे होता तोच पेरेग्रीन फंड, ससाण्यासाठी निघालेला. त्यानंतर दोन वर्षांत आपल्याकडे जनावरांसाठी ते औषध बंद झालं.

डीडीटीचं म्हणाल तर ते काही फक्त इंग्लंड-अमेरिकेचं प्रकरण नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात रसायनीला सरकारी कारखान्यात ते बनत होतं. शेतीसाठी वापर १९८९ ला थांबवला, मलेरिया आणि काळा आजारासाठी फवारणी पुढे चालू राहिली, आणि मलेरियाने माणसं मरत होती तेव्हा ती गरज होती हे मी नाकारत नाही. पण आपल्या ससाण्यांच्या अंड्यांवर त्या वर्षांत काय परिणाम झाला हे सांगायला रॅटक्लिफसारखी आकड्यांची वही हवी. ती आता तरी सुरू करा, फुटलेलं किंवा न उबलेलं अंडं मोसम संपल्यावर कपारीत मिळालं तर वनखात्याच्या परवानगीने तपासायला पाठवा, कवचाची जाडी मोजायला फार मोठं यंत्र लागत नाही.

फोटोवाल्यांना पण एक सांगतो, घरट्याचे फोटो टाकताना लोकेशन टाकू नका, आणि "डीएम करा सांगतो" पण नको. बहिरी ससाण्याला अरबांच्या देशांत पाळायला मोठी किंमत येते हे चोरांना आपल्याआधी माहीत असतं.

संपादक साहेब, मला ज्या कपारी माहीत आहेत त्यांची नावं म्हणूनच ह्या पत्रात घातलेली नाहीत. वनखात्याच्या कुणा अधिकाऱ्याने किंवा गिर्यारोहण संघटनेने ही यादी करायला घेतली तर तुमच्या ऑफिसात माझा नंबर दिलेला आहे, मी बरोबर येऊन जागा दाखवीन, दोर माझा. दिवाळीच्या आत कळवलंत तर बरं, कारण नोव्हेंबर संपला की जोड्या कड्यावर बसायला लागतात आणि मग मी पण तिथे दोर टाकणार नाही.

आपला,
एक वाचक आणि ट्रेकर, पुणे